पायाला लेझर लावून कमरेचं हाड भरतं का?

ऑक्टोबर उजाडला की आमच्याकडे गोव्यात हाडांच्या शिबिरांना ऊत येतो, कारण २० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस (म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार) दिन. देवळाच्या सभामंडपात नाहीतर पंचायतीच्या हॉलात एक छोटं मशीन आणून ठेवतात, टाच त्यात घालायची, थोड्या वेळात कागद बाहेर येतो आणि पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायका "हाडां पोकळ जालीं गो म्हजीं" म्हणत घरी जातात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर शोधाशोध सुरू होते आणि तिथे हल्ली हमखास सापडतं ते लेझर अ‍ॅक्युपंक्चर. सुई टोचत नाही, गोळी नाही, साइड इफेक्ट नाही, पाळी गेल्यावर झिजलेली हाडं परत भरतात वगैरे. फोंड्यापासून म्हापशापर्यंतच्या मावश्या-माम्या मला विचारतायत की हे खरं का, एकीने तर "सुयो नाकात गो माका, लेझर बरें" (सुया नकोत गं मला) म्हणून पॅकेजचे पैसेसुद्धा भरून टाकले.

मी फिजिओथेरपीत काम करते, लेझरचं मशीन माझ्या रोजच्या वापरातलं आहे, त्यामुळे लेझरशी माझं काही वाकडं नाही. पण दुखणं कमी करणं आणि हाड भरणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि जाहिरातीत ती दोन्ही एकाच ताटात वाढतात, सगळा घोळ तिथे होतो.

आधी हाडाचं बघू

पणजीत मागची काही वर्षं ज्यांनी गाडी चालवलीय त्यांना हे पटकन कळेल. एक गँग येते, रस्ता खणते आणि जाते. मागून दुसरी गँग येते, खडी-डांबर घालून बुजवते. आपल्या हाडात हेच जन्मभर चालू असतं. खणणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, बुजवणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट, ही नावं एकदाच सांगितली, पुढे मी खणणारे आणि बुजवणारे एवढंच म्हणणार आहे. बारीक चिरा पडलेलं जुनं हाड काढून नवीन घालायचं, शिवाय रक्तात कॅल्शियम कमी पडलं तर हाडातून काढून द्यायचं, यासाठी हा उद्योग. मोठ्या माणसाचा सांगाडा दर वर्षाला साधारण १० टक्के असा नव्याने बांधला जातो.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एका ठिकाणी खणून व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात, तोच खड्डा बुजवायला मात्र तीन-चार महिने लागतात (पणजीपेक्षा बरं म्हणायचं).

तिशीपर्यंत बुजवणारे पुढे असतात, हाड भरत जातं. नंतर बरीच वर्षं दोघं बरोबरीने चालतात, मग हळूहळू तूट सुरू होते.

पाळी गेली की काय बिघडतं

खणणाऱ्या गँगवर एक मुकादम असतो, तो म्हणजे इस्ट्रोजेन, बायकांच्या अंडाशयात तयार होणारं हार्मोन. तो आहे तोवर खणणारे हिशोबात राहतात. पाळी बंद झाली की मुकादम गेला. आता खणणारे जास्त ठिकाणी खणतात, जास्त खोल खणतात, आणि बुजवणारे काम करत असतात पण त्यांना पुरं पडत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत २० टक्क्यांपर्यंत हाड जाऊ शकतं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास, म्हणजे आपल्या बायकांची ही झीज तशीही लवकर सुरू होते. आणि ज्यांची पिशवी काढताना अंडाशयंही काढली त्यांची तर ऑपरेशनच्या दिवसापासूनच, मग वय चाळीस का असेना. हे ऑपरेशनच्या वेळी कितीजणींना नीट सांगतात देव जाणे.

आणि या सगळ्यात काही म्हणजे काही दुखत नाही. हाड ठिसूळ होणं हे मुकाट चालतं, दुखतं ते मोडल्यावर. मनगट, मणका आणि खुबा या मोडायच्या तीन मुख्य जागा. मणका तर कधीकधी पडल्याशिवायच दबतो, वाकून पाण्याची बादली उचलली एवढं निमित्त पुरतं, आणि आजीची उंची कमी झाली, पाठीला पोक आलं असं घरचे म्हणतात ते बऱ्याचदा हेच.

रिपोर्टातला तो उणे आकडा

हाडाची घनता मोजायची खरी तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन, हा अगदी कमी डोसचा एक्स-रे असतो, कमरेचे मणके आणि खुबा यांचा काढतात. त्यात टी-स्कोर येतो. तुमचं हाड एका निरोगी तरुण बाईच्या सरासरी हाडापेक्षा किती मागे आहे ते हा आकडा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये रेषा आखून दिली. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेलं तर ऑस्टिओपोरोसिस.

शिबिरातलं टाचेचं मशीन बहुतेकदा अल्ट्रासाऊंडचं असतं. ते चाळणी लावायला ठीक, पण त्या कागदावरून ऑस्टिओपोरोसिस झालाय असं ठरवत नाहीत आणि उपचार लागू पडला का हे तर अजिबातच बघत नाहीत. त्या कागदावर कुणी पॅकेज विकत असेल तर तिथूनच मागे फिरा, आधी डेक्सा करून घ्या.

आता लेझर अ‍ॅक्युपंक्चर

अ‍ॅक्युपंक्चर चिनी पद्धतीचं, शरीरावर ठरलेले पॉइंट आहेत, तिथे बारीक सुया टोचतात. लेझरमध्ये सुईच्या जागी पेनासारखा प्रोब त्या पॉइंटवर टेकवतात, तेवढाच फरक. हाडांसाठी नेहमी घेतले जाणारे पॉइंट म्हणजे गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला, याला चिनीत झुसानली म्हणतात. मग आतल्या घोट्याच्या वर चार बोटं, घोटा आणि टाचेच्या शिरेच्या मधली खोलगट जागा, आणि कमरेत मणक्याच्या दोन्ही बाजूंना. डोळ्यांवर गॉगल चढवतात, प्रोब टेकवतात, बीप वाजतो, अर्ध्या मिनिटाने परत बीप, पुढचा पॉइंट. कातडीला काहीच कळत नाही. पहिल्यांदा आलेली बाई हमखास विचारते, "मशीन चालू आहे ना?"

प्रश्न बरोबरच आहे तिचा. १०० मिलीवॉटचा लेझर ३० सेकंद लावला तर ३ ज्यूल ऊर्जा जाते, तेवढ्याने चहाच्या चमच्यातलं पाणी पाव डिग्रीसुद्धा तापणार नाही. म्हणजे शेक देऊन काम करण्याची ही गोष्टच नाही. मग काम कसं करतं म्हणतात? पेशींच्या आत ऊर्जा तयार करणारी जी यंत्रणा आहे तिच्यातलं एक एन्झाइम लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश शोषतं आणि पेशी जरा जोरात कामाला लागते, असा विचार आहे. याची सुरुवात गमतीशीर आहे. १९६७ च्या सुमाराला बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांच्या अंगातल्या कॅन्सरच्या गाठीवर लेझरचा प्रयोग करत होते, उंदरांचे केस भादरलेले होते, लेझर कमी ताकदीचा निघाला, गाठीवर काही परिणाम झाला नाही पण भादरलेले केस मात्र लेझर लावलेल्या उंदरांचे लवकर उगवले. तिथून कमी ताकदीच्या लेझरचं हे सगळं शास्त्र उभं राहिलं. तोंड आल्यावर, विशेषतः कॅन्सरच्या उपचारात जे फोड येतात त्यांच्यावर, त्याचा चांगला उपयोग होतो हे आता मान्य झालेलं आहे.

आणि हो, "हजारो वर्षांची परंपरा" हे लेझरच्या जाहिरातीत वाचलं की मला हसू येतं. जगातला पहिला लेझरच १९६० चा आहे, थिओडोर मेमनने कॅलिफोर्नियात केलेला. परंपरा असेल तर ती सुईची, लेझरची नाही.

पण पायाला लावलेला प्रकाश खुब्याच्या हाडापर्यंत जातो कसा?

जात नाही. लाल प्रकाश कातडीत काही मिलिमीटर शिरतो, इन्फ्रारेड त्याहून थोडा खोल. बोटाचं हाड जवळ असतं, तिथपर्यंत पोचेल कदाचित, खुब्याचं हाड मात्र स्नायूंच्या आणि चरबीच्या जाड थराखाली असतं. त्यामुळे लेझर अ‍ॅक्युपंक्चरवाले म्हणतात की प्रकाश हाडावर पाडायचाच नाही, पॉइंटवरच्या नसा जाग्या करायच्या, त्या मेंदूला निरोप देतील आणि मेंदू हार्मोन सांभाळेल.

हे सरळ उडवून लावण्यासारखं नाही. २०२१ मध्ये नेचर या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, उंदरांच्या मागच्या पायातल्या त्याच झुसानली पॉइंटला सुईतून हलका करंट दिला तर एका ठराविक जातीच्या नसांमधून निरोप जातो आणि अंगातली सूज कमी होते असं त्यात दाखवलं. म्हणजे पॉइंटमध्ये तथ्य असू शकतं. पण ते उंदीर होते, लेझर नव्हता तर सुईतून करंट होता, आणि मोजलं ते सुजेचं प्रमाण होतं, हाड नव्हतं. या तीन पायऱ्या गाळून कुणी थेट "तुमच्या मणक्यात कॅल्शियम भरेल" म्हणत असेल तर त्या पायऱ्यांवर काय आहे ते विचारायला हवं.

चिनी वैद्यकात हाडांचा ताबा किडनीकडे असतो म्हणून किडनीचे पॉइंट घेतात, आणि व्हिटॅमिन डी चं शेवटचं कामाचं रूप खरंच किडनीत तयार होतं, हे जुळवून "बघा त्यांना तेव्हाच माहीत होतं" असे फॉरवर्ड फिरतात. जुळलं ते छानच, पण त्याने घोट्यावरचा लेझर किडनीला काही सांगतो हे सिद्ध होत नाही.

अभ्यास झालेत ना पण?

झालेत. बरेचसे उंदीर-घुशींवर, ज्यांची अंडाशयं काढून मुद्दाम पाळी गेल्यासारखी स्थिती करतात, आणि काही बायकांवर. बायकांवरचे अभ्यास लहान आहेत, काही महिन्यांचे आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी लेझरबरोबर व्यायाम किंवा कॅल्शियमही चालू होतं. त्यात घनता सुधारल्याचे आकडे सापडतात, खोटं कशाला बोलू. मी त्यांना शेवटचा शब्द का मानत नाही ते सांगते.

पहिलं म्हणजे वेळ. खड्डा बुजायलाच तीन-चार महिने, वर त्यात कॅल्शियम पक्कं बसायला आणखी महिने जातात. डेक्सालाही थोडी मागेपुढे होण्याची सवय आहे, तीच बाई आज आणि उद्या झोपवली तरी आकडा जरा हलतो, म्हणून घनतेत तीन-चार टक्क्यांच्या आतला फरक फारसा धरत नाहीत आणि परत स्कॅन वर्ष-दोन वर्षांनी, तोही त्याच मशीनवर करतात. पणजीत एक आणि मडगावला दुसरा असे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून "सुधारलं" म्हणायला अर्थ नाही. त्यात पुन्हा मणक्यांना संधिवात असेल तर तिथे वाढलेलं हाडच मोजलं जातं आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. घनता वाढली म्हणजे मोडणं कमी झालं असं धरून चालत नाही. फ्लोराइडची गोष्ट यासाठी सगळ्यांना माहीत असायला हवी. सोडियम फ्लोराइड दिलं की बुजवणारे जोरात कामाला लागतात हे डॉक्टरांना माहीत होतं, म्हणून अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये पाळी गेलेल्या २०२ बायकांवर चार वर्षं अभ्यास झाला, १९९० मध्ये तो छापून आला. कमरेच्या मणक्यांची घनता किती वाढली? ३५ टक्के. आजची कुठलीही जाहिरात एवढं वचन द्यायला धजणार नाही. पण मणके मोडायचं प्रमाण म्हणावं इतकं कमी झालं नाही, आणि मणका सोडून बाकीची हाडं मोडायचं प्रमाण फ्लोराइड न घेणाऱ्यांच्या साधारण तिप्पट निघालं. हाड भरलं होतं पण माल कच्चा होता. खडी-डांबर भरपूर, रोलर फिरवलाच नाही.

म्हणून कुठल्याही उपचाराला विचारायचा प्रश्न एकच, हाडं मोडायचं प्रमाण कमी झालं का? लेझर अ‍ॅक्युपंक्चरसाठी त्याचं उत्तर देणारा मोठा अभ्यास नाही. याचं मला जरा वाईटही वाटतं, कारण सुईपेक्षा लेझरची परीक्षा घेणं कितीतरी सोपं आहे. सुई टोचली की नाही हे पेशंटला कळतं, लेझर चालू की बंद हे कळत नाही, इन्फ्रारेड तर दिसतही नाही, म्हणजे निम्म्या बायकांना बंद मशीन लावून प्रामाणिक तुलना करता येते. कुणीतरी मोठ्या प्रमाणावर करायला हवं.

"पण माझी कंबर दुखायची थांबली!"

थांबली असेल, मला आनंदच आहे. स्नायू आखडलेले, सांधे धरलेले, यावर लेझरने, अ‍ॅक्युपंक्चरने किंवा नुसतं कुणीतरी वीस मिनिटं नीट लक्ष दिल्यानेसुद्धा बरं वाटतं. पण वर म्हटलं तसं, हाडाची झीज दुखतच नव्हती. जे दुखत होतं ते दुसरं काहीतरी होतं आणि ते बरं झालं, हाडाचा हिशोब तसाच राहिला. माझी खरी भीती हीच आहे. बरं वाटतंय म्हणून बाई हाडाची गोळी बंद करते, मग दोन वर्षांनी बाथरूममध्ये पाय घसरतो आणि खुबा जातो.

"गोळ्यांनी जबडा सडतो म्हणतात"

म्हणतात, आणि पूर्ण खोटंही नाही, पण प्रमाण बघा. अ‍ॅलेंड्रोनेट ही आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅमची गोळी, ती खणणाऱ्या गँगला आवरते. जबड्याच्या हाडाचा हा त्रास ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक इतका क्वचित होतो, दात काढायचे असतील तर आधी काढून घ्या म्हणतात ते त्यासाठी. फार वर्षं सलग घेतली तर मांडीचं हाड विचित्र पद्धतीने मोडू शकतं, तेही क्वचित, म्हणून पाचेक वर्षांनी डॉक्टर गोळी थांबवायची का याचा विचार करतात.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? १९९६ मध्ये आलेल्या अभ्यासात, आधीच एक मणका मोडलेल्या दोनेक हजार बायका घेतल्या होत्या, नुसत्या खोट्या (औषध नसलेल्या) गोळीवर तीन वर्षांत १०० पैकी १५ जणींना मणक्याचं नवीन फ्रॅक्चर झालं, अ‍ॅलेंड्रोनेटवर ८ जणींना. खुब्याचंही निम्म्यावर आलं. घ्यायची पद्धत मात्र पाळावी लागते, सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा नाही. हा अर्धा तास चहाशिवाय काढायचा म्हणून गोळी सोडलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आहे. कुणाला काय योग्य ते डॉक्टर ठरवतील, किडनी कशी आहे तेही त्यात बघावं लागतं.

औषधाशिवाय काहीच नाही का?

आहे की. ऑस्ट्रेलियातला २०१८ चा एक अभ्यास मला फार आवडतो. हाडांची घनता कमी झालेल्या, साठीच्या आसपासच्या आणि पुढच्या बायकांकडून आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास चांगलं वजन उचलून घेतलं, शिकवणारा समोर उभा राहून. आठ महिन्यांत कमरेची घनता २.९ टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. नुसतं मिरामारला संध्याकाळचं चालणं तब्येतीला उत्तम आहे, हाडाला मात्र त्याहून जास्त भार लागतो. पण मणका आधीच दबलेला असेल तर वाकून वजन उचलायचं नाही, त्यामुळे यूट्यूब बघून सुरू करू नका.

खाण्यात आपण गोंयकार नशीबवान. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे तिझान (नाचणीची खीर) हे फक्त उन्हाळ्याचं थंड खाणं समजू नका. तारले, वेल्ल्यो असली काट्यासकट खायची मासळी, दही-ताक. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगतं, तेवढं एका तिझानात होत नाही, दिवसभराची बेरीज करावी लागते. आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या, एवढं ऊन असून ते आपल्याकडे कमीच सापडतं.

पडणं टाळणं हाही उपचारच आहे. पावसात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तुळशीकडे दिवा लावायला जाताना पाय सरकतो. ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, आणि हे काम म्हातारीने स्वतः करायचं नाही.

मग लेझर करू की नको?

दुखण्यासाठी करायचं असेल, खिशाला परवडत असेल, तर करा. करणारी व्यक्ती शिकलेली हवी. केंद्राने २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आणि महाराष्ट्रात २०१५ चा वेगळा कायदाही आहे, तेव्हा तुमचं शिक्षण कुठलं, नोंदणी कुठे, हे विचारायला लाजू नका. लेझर किती मिलीवॉटचा, एका पॉइंटला किती ज्यूल, हे त्यांना सांगता यायला हवं. गॉगल दिला नाही तर उठून या, इन्फ्रारेड दिसत नसल्याने डोळा मिटायचं भान राहत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. कॅन्सर आहे किंवा होऊन गेलाय तर आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

हाडासाठी चालू असलेलं औषध मात्र लेझरच्या भरवशावर सोडायचं नाही. त्यातही ज्यांना दर सहा महिन्यांनी पोटावर किंवा दंडावर डेनोसुमॅबचं इंजेक्शन मिळतं त्यांनी तर अजिबातच नाही, कारण ते अचानक थांबवलं की दाबून ठेवलेली खणणारी गँग एकदम सुटते आणि काही महिन्यांत एकाहून जास्त मणके मोडल्याच्या केसेस नोंदवलेल्या आहेत. चतुर्थीला पाहुणे आहेत, पुढच्या महिन्यात बघू, असं त्या इंजेक्शनच्या बाबतीत चालत नाही. बंद करायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं काय द्यायचं ते डॉक्टरांशी बोलून, तारीख उलटायच्या आधी ठरवा.